चौथा अर्थ

लढाईवर जाताना आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला दोन वस्तू दिल्या. एक घोंगडं आणि एक डिक्शनरी. घोंगडं त्याच हिवाळ्यात आत्याच्या रेडकानं चघळून चघळून संपवलं. डिक्शनरी अजून माझ्या उशाला आहे. तिला पुढचा पुठ्ठा नाही आणि पहिली पानंही नाहीत, ती सुरूच होते ती डी अक्षराच्या मधून कुठून तरी. त्यामुळं ए, बी, सी ह्या अक्षरांत माझं इंग्रजी आजही लंगडं चालतं. नातू म्हणतो, "आजी, सगळी जणं इंग्रजीत पुढच्या दारानं शिरतात, तू परसातल्या खिडकीतून शिरलीस." शिरले ते खरं. कुणी हाताला धरून नेलं नाही एवढं मात्र लिहून ठेवते.

आबा साताऱ्याला एका छापखान्यात होते. टाइपांना शाई लावायची, कागद सरकवायचे, असलं काम. आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी एका खोलीत राहायचो, दोघंच. आई मला आठवत नाही. पण दिवाळी झाली की आबांचं छापखान्यात लक्ष लागायचं नाही. ते मूळचे पलूसकडचे, हाडाचे गुळव्या; रजा काढून मला घेऊन गुऱ्हाळाला तिकडं जायचे. उसाचा रस काहिलीच्या भल्यामोठ्या कढईत आटत आला की नेमक्या कुठल्या घटकेला काहील चुलाणावरून उतरवायची, हे सांगणारा तो गुळव्या. जरा आधी उतरवली तर काकवीच राहते, जरा उशीर झाला तर गूळ करपतो. आबांची त्या भागात ख्याती अशी, की ते काहिलीकडं पाठ करून बसायचे. बघायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. रस आधी खळखळतो, मग गदगदतो, आणि मग एक घटका येते तेव्हा जड, दमलेल्या माणसानं पाय ओढावेत तसा फद्... फद्... करतो. मी लहान असताना मला मांडीवर घेऊन बसायचे आणि कानाशी म्हणायचे, "ऐक हां चंपे, आता बोलंल. बोलली!" आणि मागं न बघता हात वर करायचे, "उतरवा!" मला वाटायचं, काहील खरंच त्यांच्याशी बोलते.

मग ते लढाईवर गेले. का गेले ते मला कुणी नीट सांगितलं नाही आणि विचारण्याचं माझं वय नव्हतं. मला पलूसजवळ आत्याच्या घरी ठेवलं. निघताना छापखान्यातून मिळालेली ही डिक्शनरी हातात दिली आणि म्हणाले, "रोज एक शबुद पाठ करायचा. मी आलो की इचारणार. कुठनंबी इचारीन, सांगाय पायजे." मी म्हटलं, "आणि न्हाई आला तर?" तर म्हणाले, "मी का शबुद?" आणि हसले. त्या हसण्यावर मी चार वर्षं काढली म्हटलं तरी चालेल.

आत्याचं घर माळवदाचं, ऐसपैस, आणि आत माणसं तीन. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचे मालक, त्यांना मी मामा म्हणायची, ते माणसांपेक्षा म्हशीशी जास्त बोलायचे. आत्या वाईट नव्हती हो. पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापायची, हुलग्याचं माडगं करायची, पहिला वाडगा मला द्यायची. पण बोलायची ते कामापुरतं. "चंपे, शेण." "चंपे, पाणी." त्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त. जात्याचा, रवीचा, लांब मळ्यात मोटेच्या चाकाचा. गावची शाळा चौथीपर्यंतच, ती मी साताऱ्यालाच संपवून आले होते. बरोबरीच्या मुली शेतावर जायच्या, आणि मला 'साताऱ्याची' म्हणून जरा लांब ठेवायच्या. कधी कधी दिवस मावळताना माझ्या ध्यानात यायचं, की आज आपण सकाळपासून तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

डिक्शनरीतले शब्द आपले येत होते आणि जात होते. डिच म्हणजे खड्डा, डोंकी म्हणजे गाढव. एका शब्दाला एक अर्थ, झालं. आणि एक दिवस आला 'एमिट'. त्याच्यापुढं बारीक बाळबोध टाइपात लिहिलेलं: सोडणे, बाहेर टाकणे, जसे, धूर, वास, उजेड, आवाज. मी अडले. आपल्याकडं धूर निघतो, वास सुटतो, उजेड पडतो, आवाज होतो. चार वस्तू, चार परी. आणि साहेब चारींना एकच शब्द लावतो? त्याच्या घरी शब्दांची टंचाई होती की काय, असं मला आधी वाटलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या शब्दावर जायचं, तर पाय निघेना. मी चुलीकडं बघितलं. लाकडं ओली होती, धूर येत होता. वर माडगं, त्याचा वास. खाली जाळाचा उजेड. आणि लाकडाच्या टोकाला फेस येऊन सूं सूं चाललेलं. मनात आलं, अगं बाई, चूल चारी सोडते! साहेब काही अगदीच खुळा नव्हे.

त्या दिवसापासून मला खेळ सापडला. आबांनी बरोबर दिलेले छापखान्यातले एका बाजूनं कोरे कागद होते, ते मी दाभणानं शिवले आणि घरातली एकेक वस्तू काय सोडते ते लिहायला लागले. कंदील: उजेड, धूर, वास, आवाज नाही. जातं: आवाज, आणि पिठाचा वास. देवघरातली घंटा: नुसता आवाज. गोवरी, हिंग, मामांचा जोडा. म्हैस काय काय एमिट करते ते लिहायला बसले तेव्हा पान पुरेना आणि मी एकटीच हसत सुटले. आत्यानं आतनं विचारलं, "काय गं झालं?" आता हे तिला काय सांगायचं? म्हटलं, "काय न्हाई." एकदा मी 'आय एमिट' एवढं लिहिलं, म्हटलं बघू आपण काय सोडतो ते. बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. पुढं काही सुचलं नाही. ते वाक्य त्या वहीत तसंच आहे, अर्धं.

आबांची पत्रं यायची. मध्ये मध्ये ओळींवर सरकारनं काळी शाई फासलेली. एकात विचारलं होतं, शब्द कुठवर आला? मी लिहिलं, एमिटशी थांबलेय, आणि त्याचे चारी अर्थ कळवले. दोन-तीन महिन्यांनी उत्तर आलं, "थांब तितंच. लय भारी शबुद हाय. चारी अर्थ वळीनं पाठ कर. आल्यावर पयला ह्योच इचारणार." मग काय, मी ओळीनं पाठ केले. धूर, वास, उजेड, आवाज. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. करंगळीपासून बोटं उघडत म्हणायची.

लढाई संपली आणि त्यानंतरच्या दिवाळीला आबा आले. खाकी कोट, पत्र्याची ट्रंक, गालफडं बसलेली. अंगणात पाऊल ठेवल्या ठेवल्या ओरडले, "चंपेऽऽ!" केवढ्यानं म्हणता! लिंबावरचे कावळे उडाले. आत्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "आरं गणू, हळू की रं! बहिरी हाय व्हय मी?" आबांनी तिच्या कानांवरच्या हातांकडं बघितलं, आणि तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

मी वाट बघत होते. शेणाची पाटी घेऊन त्यांच्यापुढनं मुद्दाम दोनदा जायची. वही त्यांच्या नजरेला पडेल अशी ठेवायची. आज विचारतील, जेवल्यावर विचारतील, उद्या नक्की. आबा ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे. काही विचारलं की "व्हय" म्हणायचे. भाकरी वाढू का? व्हय. बस झालं का? व्हय. मामा एरवी मुलखाचे अबोल, पण त्यांनाही चेव आला. "पाव्हणं, सरकारनं जिभंला टाळं ठोकून धाडलंय काय?" व्हय. "म्हस वाढू का ताटात?" व्हय. मामा खो खो हसले. आबाही जरा उशिरानं हसले. ते उशिरानं हसणं मला कुठं तरी लागलं, पण का ते कळलं नाही. मला वाटत होतं, ते मला विसरले. शब्द विसरले असते तर चाललं असतं. विचारायचं कबूल केलं होतं, तेच विसरले. चार वर्षं मी कुणाशी बोलले नव्हते ते चालवून घेतलं, कारण बोलायचं माणूस यायचं होतं. आता ते येऊन समोर बसलं होतं, आणि पुढं वाट बघायला कुणी उरलं नव्हतं.

आत्यानं मनाशी ठरवलं की भावाला दृष्ट लागली. लढाईतनं धड परत आला, गावाचे डोळे लागणारच. मग एका सकाळी आबांना चुलीपुढं पाटावर बसवलं, मीठ, मोहऱ्या आणि वाळल्या मिरच्या मुठीत घेऊन त्यांच्यावरनं ओवाळल्या आणि टाकल्या जाळात. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, नसली तर लागतो, अशी आमच्याकडची परीक्षा. आणि काय ठसका म्हणता! आत्या खोकतेय, मामा शिव्या देत बाहेर पळाले, आबांच्या डोळ्यांना धारा. "दिष्ट न्हाई गं बाई," आत्या खोकत खोकत म्हणाली. तिच्या आवाजात दृष्ट नसल्याचं दुःखच जास्त होतं. दृष्ट असती तर उपाय होता.

मी दाराशी उभी होते, आणि माझं डोकं सवयीनं आपलं मोजत होतं. धूर झाला, आबा खोकले. वास सुटला, त्यांनी नाक मुरडलं. मिरच्यांनी जाळ भडकला, त्यांनी डोळे मिटले. आणि मग मोहऱ्या तडतडल्या. मूठभर मोहऱ्या एकदम. मी दचकले, आत्या मागं सरली, उंबऱ्यातलं मांजर पळालं. आबा तसेच बसून होते. मान नाही, पापणी नाही. पहिला, दुसरा, तिसरा... चौथा नव्हता.

दुपारी आबा ओसरीवर होते तेव्हा मी त्यांच्या मागं जाऊन तांब्याची कळशी फरशीवर टाकली. आत्या आतनं ओरडली, "मोडलीस का?" आबा समोरच्या लिंबाकडं बघत राहिले. मी कळशी उचलली. तिला पोचा पडला होता. मी त्या पोच्याला धरून बराच वेळ तिथंच, त्यांच्या पाठीमागं उभी राहिले. पुढं होऊन त्यांच्यासमोर यायचा धीर होत नव्हता.

कुणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, का? त्यांनी जे कुडत्याच्या आत लपवलंय ते मी अंगणात कसं मांडू? आणि गाव कसं असतं ते मला ठाऊक होतं. सकाळी सांगितलं असतं तर संध्याकाळी 'गणपा बहिरा' हे नाव चिकटलं असतं. पुढं पुष्कळ वर्षांनी त्यांच्या ट्रंकेत सरकारी कागद सापडला, इंग्रजीतला. तो मी ह्याच डिक्शनरीवर वाचला. तोफांपाशी राहून दोन्ही कान गेले असं त्यात सगळं लिहिलेलं होतं. तेव्हा घरात तो कुणाला वाचता आला नसता आणि आबांनी दाखवलाही नाही.

आणि मग तात्या आले. तात्यांचा मळा ओढ्याच्या अंगाला, गुऱ्हाळ दरसाल तिथं लागायचं. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "गणपा, पयली काहील तुज्याच हातची पायजे. आन आरं, पयल्यावानी पाठ करून बसायचं बरं का! आमच्या नव्या पोरांनी नुसतं ऐकलंय, त्यास्नी दाव एकडाव." आबांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय." तात्या खूश होऊन गेले. काहील बिघडली की गुळव्याचं नाव जातं, आणि एकदा गेलं की त्याला पुन्हा कुणी बोलवत नाही. आबांपाशी दुसरं काय उरलं होतं?

पहिल्या काहिलीच्या दिवशी मी आत्याला न विचारता मळ्यात गेले. सकाळची उन्हं, चरकाला बैल फिरतायत, रसाचा हिरवट वास, चुलाणात चिपाडं ढकलणाऱ्याचं तोंड लालभडक. आबांनी सुरुवातीला सगळं स्वतः केलं. भेंडीचा चीक घातला, वर आलेली मळी झाऱ्यानं काढली, हात पहिल्यासारखा चालत होता. रस तांबूस झाला तशी माणसं जमली. तात्यांनी एक पाट आणून काहिलीच्या पुढं मांडला, काहिलीकडं पाठ होईल असा, आणि हातानंच दाखवलं, बस. आता मात्र आबांना कळलं, आपण कशाला 'व्हय' म्हणून बसलो ते. त्यांचा चेहरा मी बघितला. एवढ्या माणसांत ते जितके एकटे दिसले तितकं एकटं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बसले. करणार काय? मी जाऊन त्यांच्यासमोर, पाच-सहा हातांवर बसले, काहिलीकडं तोंड करून, हातात उसाचं कांडं. रस खळखळत होता. आबा नाक वर करून वास घेत होते. मला कळलं, ते आता वासावर निभावून नेणार. तेवढ्यात वारं फिरलं. चुलाणाचा सगळा धूर त्यांच्या अंगावर आला. वास गेला, डोळे भरले. पोरं कुजबुजली, "बघ, आयकतोय बघ." आबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

खळखळ मोडली. गदगद सुरू झाली. मी कान तिकडं लावला आणि डोळे आबांवर ठेवले. ऊस कधीच हातातनं गळून पडला होता. मांडीवर बसवून त्यांनी ऐकवलं होतं ते सगळं आत कुठं तरी असेल, असेल ना, असं मी स्वतःलाच विचारत होते. आणि मग आलं. फद्. जरा थांबून, फद्. बोलली! मी हात वर केला आणि बोटं उघडली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं तशीच धरून ठेवली.

आबा त्या बोटांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. काहील तिकडं आटत होती आणि त्यांचा हात काही वर जाईना. मला वाटलं, चुकलं, ते विसरलेत, चार बोटांचं त्यांना काय कळणार. त्यांची मान अगदी थोडी हलली. चार-पाच श्वास आणखी थांबले, ते थांबणं त्यांचं स्वतःचं, मी शिकवलेलं नव्हे. आणि मागं न बघता हात वर, "उतरवाऽऽ!" चरकाचे बैल बुजले. तात्या हसले, "आला रं आला, गणपाचा आवाज आला!" आठ जणांनी काहील उचलली. निववायच्या वाफ्यात ओतलेला गूळ दुपारपर्यंत असा पिवळाधमक, रवाळ बसला, की तात्यांनी तुकडा मोडून आधी डोळ्याला लावला.

माणसं गरम गूळ आणि भुईमुगाच्या शेंगा खात बसली होती. आबा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर हात धूत होते. मी जवळ गेले नाही, लांबच उभी राहिले. हात झटकत ते वळले आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "चंपे! एमिट म्हंजी काय?"

माणसं बघायला लागली. कुणी तरी म्हणालं, "काय म्हंतोय ह्यो?" मी पुढं गेले. त्यांच्या अगदी समोर उभी राहिले, तोंड वर करून. म्हटलं, धूर. चुलाणाकडं बोट केलं. म्हटलं, वास, आणि नाकाला हात लावला. उजेड म्हणताना चुलाणाच्या तोंडातला जाळ दाखवला. आणि तिथं थांबले. चौथा दाखवायचा कसा? तो हातानं दाखवता येत नाही. आबा माझ्या ओठांकडं बघत होते. म्हणाले, आणि ह्या वेळी हळू म्हणाले, "चार हुतं की गं. चौथा?"

मिरजेच्या डॉक्टरांनी पुढं कानात नळी घालून बघितलं आणि मान हलवली, ते नंतरचं. गावाला कळलं, तेही नंतरचं, आणि तोवर आबांच्या काहिलीला नाव ठेवायची कुणाची टाप उरली नव्हती. दर हिवाळ्याला मी त्यांच्यासमोर बसायची; लग्न होऊन सांगलीला गेले तरी गुऱ्हाळापुरती यायची. आम्ही बोललो असं फार नाही. बोटांवर भागायचं. पण त्या दिवशी थारोळ्यापाशी मी चवड्यांवर उभी राहिले, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं खाली ओढलं, आणि कानाशी तोंड नेऊन, चार वर्षांत काढला नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "आवाज!"

"व्हय," आबा म्हणाले.

तो व्हय ऐकून आला होता, की माझा गरम श्वास कानाला लागला म्हणून, हे मी त्यांना पुढच्या वीस वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यालाही ते व्हयच म्हणाले असते.